घरचं माप

त्या प्रयोगशाळेत सकाळचा उजेड कधी एकदम येत नसे. पूर्वेकडच्या भिंतीत, छताला लागून, खरखरीत काचेची एक लांबट खिडकी होती. तिच्यातून गाळला जाऊन, आत येऊ का असे विचारत, तो हळूहळू खाली उतरे. आधी उजळे ती फळीवरच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनची कड. मग धुऊन पालथ्या घातलेल्या काचनळ्यांच्या बुडांवर एकेक ठिपका पेटे, आणि कुणी दुरून दिवे लावत यावे तशी ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखून जाई. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर वर्षानुवर्षांचे ओरखडे होते. दुपारी ते दिसत नसत, पण या वेळी प्रत्येक ओरखडा वेगळा वाचता येई. सगळ्यात शेवटी उजेड पोचे तो आदल्या दिवशीच्या नमुन्यांच्या स्टँडपाशी. तिथल्या नळ्यांत रक्त गोठून तळाशी बसलेले असे आणि वर निवळलेले सीरम तरंगत असे, फिक्या गवताच्या रंगाचे. त्या सीरममधून उजेड आरपार जाई, आणि मागच्या पांढऱ्या फरश्यांवर पिवळसर सावल्या हलत. कुणाची किडनी थकली आहे, कुणाचे काळीज कुरकुरते आहे, कुणाला काहीच झालेले नाही, याचा त्या सावल्यांत मागमूसही नसे. सगळ्या सारख्याच सुंदर दिसत.

एवढे पाहण्यासाठी तो रोज सगळ्यांच्या आधी येत असे. कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे ते नव्हतेही. उजेड स्टँडपर्यंत आला की तो मोठ्या यंत्रावरचे निळे कापड काढी, त्याची चौकोनी घडी घाली आणि कामाला लागे. आज उजेड स्टँड ओलांडून टेबलाच्या कडेवर आला, कडेवरून खाली फरशीवर उतरला, तरी तो खांद्याची पिशवी न काढता तसाच उभा होता. कापड काढायचा त्याला धीर होत नव्हता.

काल दुपारी त्याने जे केले होते ते त्या कापडाखाली होते.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेत एक जुनी वहिवाट होती. यंत्र खरे बोलते आहे की नाही, हे पडताळण्यासाठी रोज सकाळी आधी एक कंट्रोल चालवायचे, म्हणजे कारखान्यातून सीलबंद बाटलीत आलेले, आकडे आधीच ठाऊक असलेले सीरम. पण या बाटल्या पूर्वी वेळेवर येत नसत, आणि आल्या तरी वाटेत उन्हात भाजलेल्या असत. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सगळे ज्यांना नुसते सर म्हणत त्यांनी, एक तोड काढली होती. आपल्यातल्याच एका निरोगी माणसाचे रक्त दर आठवड्याला तपासायचे. बाटली आणि माणूस यांचे जुळले नाही तर माणसावर विश्वास ठेवायचा. तो माणूस म्हणजे त्याची ताई. ती बाहेरच्या खिडकीशी बसून पेशंटांचे रक्त काढी. तिचे कॅल्शियम नऊ पॉइंट चार. उन्हाळा असो, सर्दीपडसे असो, नऊ पॉइंट चार. फार तर एखादा दशांश इकडे किंवा तिकडे. सर म्हणत, "बाटली कुठल्या कारखान्यातून आली देव जाणे, हिला मी रोज डोळ्यांनी बघतो." तिच्या नळीवर नाव लिहायचीही गरज पडत नसे. तिला सगळे ‘घरचं माप’ म्हणत, आणि हे ऐकले की ती आपल्या रुंद खांद्यांकडे पाहून म्हणे, "माप मोठंच आहे हो, पण खोटं नाही."

आई गेली तेव्हा तो शाळेची पाटी सांभाळण्याच्या वयाचा होता. तेव्हापासून त्याच्या जगात काय जास्त, काय कमी आणि काय ठीक, हे ताईकडे पाहूनच ठरत आले होते. आडव्या हाताने कपाळ चाचपून ती म्हणे, "ताप नाही, नाटक आहे," आणि ताप खरोखरच नसे.

गेले काही आठवडे मात्र मापाने चळायला सुरुवात केली होती. आधी दहाच्या जरा अलीकडे, मग जरा पलीकडे. प्रत्येक वेळी त्याला कारण सापडे. सापडे म्हणजे तो शोधून काढी. खोली तापली होती. नळी उघडी राहिली होती. आणि काल, सर परगावी गेलेले असताना, नव्या रीएजंटची, म्हणजे तपासणीच्या रसायनाची, पेटी उघडून त्याने ताईचा नमुना लावला, तर आकडा आला अकरा पॉइंट दोन. त्याच रीएजंटवर बाटलीतले कंट्रोल मात्र जिथे असायला हवे तिथेच होते.

कुठल्याही नवख्याला त्याचा अर्थ कळला असता. त्याने मात्र स्वतःची समजूत घातली की रीएजंट जहाल आले आहे, आणि त्याच वेळी बाटलीही फ्रीजमध्ये नेमकी तेवढीच बिघडली आहे. ताई निरोगी राहावी यासाठी दोन योगायोग लागत होते. त्याने दोन्ही मान्य केले. यंत्रात कॅल्शियमसाठी एक गुणक असतो, यंत्राला जे दिसते त्याला त्या संख्येने गुणून आकडा छापला जातो. तो गुणक त्याने खाली आणला, खाली आणत गेला, आणि ताईचा नमुना नऊ पॉइंट चार दाखवू लागला तेव्हाच थांबला. बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग वॉर्डातून आलेले संध्याकाळचे सगळे नमुने त्याने त्याच गुणकावर चालवले. कागद छापून वर गेले. जाताना त्याने त्यांच्याकडे नीट पाहिले नव्हते. डोळ्यांवर कातडे ओढायला फार वेळ लागत नाही. ते तसेच ठेवणे अवघड असते, हे त्याला रात्रभर कळत राहिले.

"काय रे घुम्या, यंत्राला आज झोपूनच ठेवायचंय का?"

ताई आत आली होती. एका हातात पाण्याची बाटली, पिशवीतून डोकावणारी दुसरी. हल्ली तिला पाणी पुरत नसे.

"तू आज येणार नव्हतीस ना? पाठ दुखत होती."

"पाठ ठेवलीय घरी, बाकीची आलेय." स्वतःच्याच विनोदावर ती हसली आणि हसता हसता तिने बरगडीवर हात दाबला, दार आपटू नये म्हणून आपण धरतो तसा. मग ती स्टुलावर बसली. पूर्वी ती स्टुलावर बसत नसे. टेबलाला टेकून उभी राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेई. "असा काय बघतोयस? माझ्या डोक्यावर शिंगं आलीयत का?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे बरंच काही असतं. चहा घेतलास?"

तेवढ्यात फोन वाजला. त्याने कापड काढले नव्हते, पिशवी उतरवली नव्हती. पण फोन कशाबद्दल आहे हे त्याला पहिल्या घंटीलाच कळले.

वरच्या वॉर्डाचे डॉक्टर होते, स्वभावाने गमत्ये. त्याला ते शास्त्रज्ञ म्हणत.

"काय शास्त्रज्ञ, काल संध्याकाळचे तुमचे कागद घेऊन बसलोय. माझ्या वॉर्डात ज्याचं म्हणून कॅल्शियम बघितलंत ते कमी. एकूण एक सगळ्यांचं. आमच्या स्वयंपाकघरात कुणी चोर शिरलाय का?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? आता जरा गंभीरपणे सांगतो. त्यात एक आजी आहेत, त्यांचा आकडा सगळ्यात खाली. रात्रीपासून बोटांना मुंग्या येतायत म्हणतात. खरंच इतकं कमी असेल तर मला शिरेतून कॅल्शियम द्यायला हवं, आणि लगेच. पण त्या हृदयाच्या गोळ्यांवर आहेत. कमी नसताना दिलं, तर हृदयच थांबायचं. सिस्टर इंजेक्शन भरून उभ्या आहेत. देऊ का थांबू?"

"थांबा," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "मी परत चालवून सांगतो."

"लवकर सांग. फार वेळ थांबणंही बरं नाही." डॉक्टरांचा आवाज पुन्हा सैल झाला. "आणि तुमच्या त्या घरच्या मापाला विचारा एकदा. अख्खं हॉस्पिटल आजारी आणि तुझी ताई तेवढी ठणठणीत, असं कुठं असतं का बाबा?"

फोन ठेवल्यावरही ते वाक्य कानातून जाईना. डॉक्टर गमतीने बोलले होते. पण ते वाक्य उलटे करून पाहिले की अख्खे हॉस्पिटल ठणठणीत होते, आणि ताई तेवढी…

अजून एक आशा होती. ती त्याने रात्रीच हेरून ठेवली होती आणि आता तिला तो बुडत्यासारखा लटकला. ताईच्या हातात सुई टोचताना त्याचा हात कापे. तिला दुखेल या धास्तीने तो शीर चाचपत बसे, आणि तेवढा वेळ दंडावरचा रबरी पट्टा आवळलेलाच राही. पट्टा फार वेळ राहिला तर अडलेल्या शिरेतले पाणी झिरपून बाहेर जाते आणि रक्त दाट होते. प्रोटीन वाढलेले दिसते, आणि प्रोटीनला धरून फिरणारे कॅल्शियमही. म्हणजे दोष ताईत नसेल. त्याच्या भित्र्या हातात असेल.

"ताई, हात दे जरा. परत घ्यायचंय."

"परत? कालच घेतलंस ना? माझं रक्त म्हणजे काय सार्वजनिक नळ आहे?" पण तिने बाही वर सरकवली. "पट्टा कुठंय?"

"पट्ट्याशिवाय."

"पट्ट्याशिवाय! काल पट्टा लावून दोनदा भोसकलंस. आण इकडे, मीच काढते माझं."

"मला काढू दे."

त्याच्या आवाजात काय होते कोण जाणे, तिने पट्टा मागणे सोडले. तिने हात टेबलावर ठेवला. मनगटावरचे घड्याळ कोपराच्या दिशेने घसरले. त्याच्या पट्ट्याला सुईने पाडलेले एक नवे भोक होते. त्याने ते भोक याआधी पाहिले होते, आणि पाहिले नाही असे ठरवले होते. निळसर शीर मऊ कातडीखाली दिसत होती. सुई गेली. काळसर लाल रक्त पट्ट्याच्या जोराशिवाय, आपल्या संथ गतीने नळीत चढू लागले.

"बोटं गार पडलीयत तुझी," ती हळूच म्हणाली. "काय झालंय?"

"नव्या रीएजंटची भानगड आहे."

"हं." तिने कापूस दाबून हात दुमडला. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते. ज्या डोळ्यांना नाटक आणि ताप यांतला फरक कपाळाला हात लावताच कळे, त्यांच्यासमोर त्याला फार वेळ उभे राहवेना. रक्त गोठेपर्यंत तो पाठ करून नळीकडेच बघत राहिला. मग ती त्याने सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवली.

सेंट्रिफ्यूज गुरगुरू लागले तसे त्याने यंत्रावरचे कापड ओढले. गुणक पुन्हा जुना केला. जुनी संख्या त्याला पाठ होती. ती टाकताना बोट दोनदा चुकले. फ्रीजमधून कंट्रोलची नवी, सील न फोडलेली बाटली काढली. आजींचा कालचा नमुना स्टँडवरून उचलला. हे तिन्ही एकामागून एक लावायचे: बाटली, आजी, ताई. बाटली जुन्या गुणकावर चुकीचा आकडा दाखवील तर यंत्र बिघडलेले, रीएजंट बिघडलेले, आणि बाकी सगळे जग जागच्या जागी. रसायनांवर जगणाऱ्या त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच, यंत्र बिघडलेले निघू दे, अशी मनोमन विनवणी केली.

सेंट्रिफ्यूज फिरत होते आणि त्याला नको ते आठवत होते. परीक्षेच्या दिवसांत ताई इस्त्री करता करता त्याची उजळणी घ्यायची. तिला त्यातले फारसे कळत नसे. त्याच्याच वहीतून पाहून ती प्रश्न विचारी, आणि तो पलंगावर आडवा पडून छताकडे बघत उत्तरे फेकी.

"कॅल्शियम वाढलंय, प्रोटीन वाढलंय, अल्ब्युमिनही वाढलंय. बोला साहेब."

"काही नाही. पट्टा जास्त वेळ राहिला."

"शाबास. आता, कॅल्शियम वाढलंय, प्रोटीन वाढलंय, अल्ब्युमिन मात्र उतरलंय?"

याचे उत्तर देताना तो नेहमी उठून बसत असे, कारण ते त्याला फार देखणे वाटे. रक्तातल्या एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिन, म्हणजे त्यातले नेहमीचे मुख्य प्रोटीन, वजा करायचे. उरलेला भाग फुगलेला असेल, तर ते प्रोटीन पट्ट्याने दाटलेले नाही; कुणीतरी ते तयार करते आहे. हाडांच्या मज्जेत पेशींची एक जात बेफाम वाढते, एकच प्रोटीन ओतत राहते, आणि हाड आतून पोखरत जाते. हाडातले कॅल्शियम रक्तात उतरते. पाठ दुखते. बरगड्या दुखतात. तहान शमत नाही. थकवा येतो. खात्रीसाठी आणखी तपासण्या लागतात, पण अशी वजाबाकी समोर आली की मज्जेतल्या कर्करोगाचा विचार आधी करायचा. तो एका दमात हे सगळे म्हणून टाकी. इस्त्री थांबवून ताई एकदा म्हणाली होती, "बाई गं, कुणाच्या वाट्याला येत असेल रे असलं?"

आणि म्हणूनच गेल्या कित्येक आठवड्यांत ताईच्या नमुन्यावर त्याने अल्ब्युमिनची तपासणी एकदाही लावली नव्हती. घरच्या मापाला काय गरज, असे तो स्वतःला सांगत आला होता.

आज लावली.

पडद्यावर पहिली ओळ आली. कंट्रोल: बाटलीवर छापलेल्या आकड्याच्या इतके जवळ, की जणू त्याच्यावरच बेतलेले. दुसरी ओळ, आजी: कॅल्शियम नऊ पॉइंट दोन, अगदी ठीक. त्यांच्या बोटांच्या मुंग्यांचे कारण काहीही असो, हे नव्हते. आजी सुटल्या होत्या, पण याचाच अर्थ यंत्र खरे बोलत होते.

तिसरी ओळ. कॅल्शियम अकरा पॉइंट चार. पट्ट्याशिवाय.

प्रोटीन नऊ पॉइंट आठ.

अल्ब्युमिनच्या चौकोनात थोडा वेळ काहीच नव्हते, आणि तो रिकामा चौकोन तसाच राहावा असे त्याला वाटले. मग तिथे आकडा उमटला. तीन पॉइंट दोन.

शाळेतल्या पोरालाही जमेल अशी वजाबाकी. त्याचे डोळे ती करत होते आणि डोके करू देत नव्हते.

"आकडे आले का?"

ताई दारात उभी होती, चौकटीला टेकून. बाहेर तिच्या खिडकीशी पेशंट जमू लागले होते. कुणाचे तरी मूल रडत होते. पण ती तिकडे वळली नाही.

"आले."

"माझे?"

त्याने मान हलवली. ती आत आली, स्टुलावर बसली, पाण्याचा एक घोट घेतला, आणि इस्त्रीच्या दिवसांतला तो जुना, खोटा दरारा आणून म्हणाली, "बोला साहेब. कॅल्शियम?"

"ताई, नको ना."

"कॅल्शियम?"

"वाढलंय."

"प्रोटीन?"

"तेही."

बाटलीचे झाकण ती बसवू लागली. ते आटे सोडून तिरके बसत होते, आणि ती ते पुन्हा पुन्हा काढून बसवत होती. वहीतले बाकी सगळे ती विसरली असेल. पण हा एक प्रश्न ती विसरली नव्हती, हे तिच्या बोटांवरून त्याला दिसले.

"अल्ब्युमिन?"

फोन वाजला.

त्याने तो उचलला. "बोल रे," वरून डॉक्टर म्हणाले, "आजींच्या उशाशीच उभा आहे मी."

"इंजेक्शन देऊ नका. आजींचं कॅल्शियम ठीक आहे. कालचं कुणाचंच धरू नका, मी सगळे नमुने परत चालवून देतो. काल मी गुणक बदलला होता. चूक माझी आहे."

"वाचवलंस बाबा. सिस्टर, ठेवा ते." मग आवाज पुन्हा जवळ आला. "पण तू आणि असा हात घालणार यंत्रात? तू तर दशांशही पुसून घेणारा माणूस. कशाला बदललास?"

"घरच्या मापाशी जुळत नव्हतं म्हणून."

"मग आता जुळलं?"

"नाही."

मघाशी फेकलेली गंमत डॉक्टरांच्या हातात परत आली असावी. त्यांनी पुढचे विचारले तेव्हा आवाजात विनोदाचा लवलेश नव्हता. "यंत्र नीट तपासलंस? नवी बाटली फोडलीस?"

"हो."

"तिला घेऊन वर ये," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच ये. मी आहे."

त्याने फोन ठेवला. एव्हाना उजेड फरशीवरून सरकत स्टुलापर्यंत आला होता आणि ताईच्या मांडीवरच्या हातांवर पडला होता. कोपराच्या वळणात दाबलेल्या कापसावर लाल ठिपका होता. उजेडात तिचा चेहरा कसा दिसतो, हे त्याने आज कितीतरी आठवड्यांनी पाहिले. गालांची हाडे वर आली होती. डोळ्यांखाली तो रंग होता जो पेशंटांच्या चेहऱ्यावर त्याला लांबूनही ओळखू येत असे.

"अल्ब्युमिन सांगायचं राहिलं, घुम्या," ती म्हणाली.

"कमी आहे."

तिने मान डोलावली, शाबास म्हणाली नाही. बाटलीचे झाकण एकदाचे नीट बसले.

तो उठला, तिच्याजवळ गेला आणि तिचा हात हातात घेतला. पडद्यावर तिन्ही ओळी तशाच स्थिर होत्या. यंत्र बरोबर होते. ताई आजारी होती.